पाहणे आणि लिहिणे यांमधली फट

आमच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण विवर्तनाचे एक यंत्र आहे. स्फटिकाची रचना तपासायची असली की ते सर्वांनाच लागते, आणि यंत्र एकच. पूर्वी यंत्राशेजारी दोरीने बांधलेली एक वही आणि एक पेन्सिल असे. ज्याला जी वेळ हवी असेल ती त्याने वहीत लिहायची. काही वर्षांपूर्वी ही वही गेली आणि तिच्या जागी एक वेब-अप्लिकेशन आले. उन्हाळी प्रशिक्षणासाठी आमच्याकडे आलेल्या संगणकशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने ते सहा आठवड्यांत तयार केले. दिसायला देखणे, मोबाइलवरही चालणारे. रिकामी वेळ हिरवी, भरलेली तांबडी. आम्ही सर्व जण खूश होतो.

पहिल्याच महिन्यात एका सोमवारी सकाळी दोन गट आपापले नमुने घेऊन यंत्रापाशी हजर झाले. दोघांच्याही मोबाइलवर त्याच दिवसाच्या, त्याच वेळेच्या नोंदीची पोच होती.

विद्यार्थ्याला विचारले. त्याने आपली आज्ञावली उघडून दाखवली. नोंद करण्यापूर्वी ती वेळ रिकामी आहे का, हे तो तपासत होता. आम्हीही वाचून पाहिले; खरोखरच तपासत होता. मग घोटाळा कसा झाला? दर शुक्रवारी सकाळी दहाच्या ठोक्याला पुढच्या आठवड्याच्या वेळा खुल्या होत आणि त्याच क्षणी सगळे जण बटण दाबत. पहिल्याच्या वतीने सर्व्हरने पाहिले, वेळ रिकामी. दुसऱ्याच्या वतीने पाहिले, अजूनही रिकामीच. मग पहिल्याचे नाव लिहिले. मग दुसऱ्याचे. पाहणे आणि लिहिणे या दोन क्रियांमध्ये काही सहस्रांश सेकंदांची फट होती आणि त्या फटीतून दुसरा माणूस आत शिरला. वहीच्या काळात असे कधी झाले नव्हते, कारण वहीला पेन्सिल एकच बांधलेली होती.

मुलगा हुशार होता आणि कष्टाळूही. वेब-अप्लिकेशन बनवण्याचा एक नावाजलेला अभ्यासक्रम त्याने मन लावून पुरा केला होता. म्हणूनच आम्हाला प्रश्न पडला की विद्यापीठाच्या पातळीवर हा विषय शिकवतात तेव्हा नेमके काय शिकवतात? या कुतूहलापोटी आम्ही दोन अभ्यासक्रम बारकाईने वाचून काढले. एक फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा, आजही चालू असलेला आणि जगभर वापरला जाणारा. दुसरा अमेरिकेतील एमआयटीचा, १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि २००६ साली पुस्तकरूपाने आलेला. दोन्ही जालावर फुकट वाचता येतात. त्यांचे हे परीक्षण.

त्याआधी विषयाची थोडी ओळख करून घेऊ. शाळेची माहिती भरण्यासाठी आपण जी पोर्टले उघडतो ती सारी वेब-अप्लिकेशने होत. त्यांचे दोन भाग असतात. एक आपल्यासमोर, ब्राउझरमध्ये चालतो; दुसरा दूरच्या सर्व्हरवर. या दोघांत जो पत्रव्यवहार चालतो त्याच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली जालाची कल्पना मांडली ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. कागद मागणे आणि कागद देणे एवढेच काम असल्यामुळे सर्व्हरने कोणालाही लक्षात ठेवण्याची गरज नव्हती. पत्र आले, उत्तर दिले, विसरून गेला. हा विसराळूपणा जाणूनबुजून ठेवलेला आहे आणि त्यामुळेच जाल एवढे वाढू शकले. पण विसराळू सर्व्हरकडून शाळेची नोंदवही ठेवून घ्यायची तर त्याला दर वेळी आपली ओळख नव्याने पटवून द्यावी लागते. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी यासाठी ‘कुकी’ची युक्ती काढली. सर्व्हर ब्राउझरला एक चिठ्ठी देतो आणि ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक पत्रासोबत परत पाठवतो. अर्धा फॉर्म भरून झाल्यावर ‘सेशन संपले, पुन्हा लॉग-इन करा’ असे दिसते तेव्हा या चिठ्ठीची मुदत संपलेली असते.

आता हेलसिंकीचा अभ्यासक्रम. त्याचे नाव ‘फुल स्टॅक ओपन’. मत्ती लुक्काइनेन हे त्याचे मुख्य शिक्षक. फिनलंडमधलाच काय, कोणत्याही देशातला माणूस तो फुकट करू शकतो, स्वाध्याय पाठवू शकतो आणि प्रमाणपत्र मिळवू शकतो. आपल्याकडची पुष्कळ मुले तो करतात. इंग्रजी, फिनिश, चिनी, स्पॅनिश अशा भाषांत तो आहे, मराठीत नाही. (कोणी मनावर घेतले तर चांगले काम होईल, एवढे जाता जाता.)

त्याचा आरंभ आम्हाला फार आवडला. शून्याव्या भागात अजून एकही आज्ञा लिहायची नसते. टिपणे लिहिण्याचे एक साधे पान उघडायचे आणि ब्राउझरमधील तपासणीची खिडकी उघडून पत्रव्यवहार नुसता पाहायचा. ही खिडकी सदैव उघडी ठेवा, असा तिथे सक्त दंडक आहे आणि तो पुढे शेवटपर्यंत पाळायला लावतात. पान मागवले की ब्राउझर आधी पानाचा सांगाडा आणतो, मग सजावटीची फाइल, मग आज्ञावली, मग टिपणांची यादी. नवे टिपण लिहून बटण दाबले की एका बटणामागे तब्बल पाच पत्रे जातात. पहिल्या पत्रातून टिपण जाते. सर्व्हर उत्तर देतो, ‘आता टिपणांच्या पानावर जा’. आणि मग सांगाड्यापासून सगळे पुन्हा मागवले जाते. त्याच पानाची नव्या पद्धतीची आवृत्तीही दिलेली आहे. तिच्यात पान जागच्या जागी राहते आणि फक्त एक पत्र जाते. विद्यार्थ्याने या दोन्हींच्या आकृत्या स्वतः काढायच्या असतात. आधी निरीक्षण, मग आकृती, मग कृती, हा क्रम विज्ञानाच्या शिक्षकाला परका वाटणार नाही. प्रयोगाची ही शिस्त संगणकाच्या पुस्तकांत क्वचितच दिसते.

एक गोष्ट मात्र या आकृतीत दिसत नाही. ‘आता तिकडे जा’ हे सर्व्हरचे उत्तर म्हणजे निव्वळ हेलपाटा नव्हे. ते नसते आणि वापरणाऱ्याने पान ताजे करण्याचे बटण दाबले असते, तर ब्राउझरने तेच टिपण पुन्हा पाठवले असते. एकच विद्यार्थी पोर्टलवर दोनदा नोंदला गेल्याचा अनुभव ज्यांना असेल त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आकृती ‘काय घडते’ हे सांगते. ‘असे का केले’ हा प्रश्न शिक्षकाने घालायचा.

यानंतर अभ्यासक्रमाचा वेग वाढतो. पहिल्या भागापासून रिअ‍ॅक्ट हे ब्राउझरमध्ये चित्र उभे करण्याचे साधन शिकवायला घेतात. दुसऱ्या भागात खऱ्या सर्व्हरच्या जागी एक तोतया सर्व्हर उभा करून काम भागवतात. तिसऱ्या भागात खरा सर्व्हर आणि मोंगोडीबी हा डेटाबेस येतो, चौथ्यात चाचण्या आणि वापरकर्त्यांची खाती. संबंधाधारित डेटाबेस, म्हणजे बँका आणि रेल्वे ज्याच्यावर चालतात तो, थेट तेराव्या भागात भेटतो. इतक्या उशिरा? पाचव्या भागाशी थांबणाऱ्या विद्यार्थ्याला तो भेटतच नाही.

चौथ्या आणि पाचव्या भागांतील एक स्वाध्यायमाला आम्ही मुद्दाम निवडली, कारण तिच्यात या अभ्यासक्रमाचे बळ आणि उणीव दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात. विद्यार्थ्याने लेखांच्या दुव्यांची एक यादी बनवायची. प्रत्येक दुव्यापुढे तो किती जणांना आवडला याचा आकडा. ज्याने दुवा घातला त्यालाच तो पुसता यावा, असा नियम चौथ्या भागात सर्व्हरवर बसवायचा. आणि मग पाचव्या भागात, पुसण्याचे बटण इतरांना दिसूच नये अशी व्यवस्था ब्राउझरमध्ये करायची.

हा क्रम अगदी बरोबर आहे. बटण लपवले म्हणजे दार बंद झाले असे नव्हे. ब्राउझर वापरणाऱ्याच्या घरात असतो. त्यात काय चालावे हे शेवटी त्याच्या हातात असते. आमच्या प्रयोगशाळेतील त्या अप्लिकेशनमध्ये एका दिवसात एकाला दोनच वेळा घेता येतील असा नियम होता, पण तो फक्त ब्राउझरमध्ये तपासला जाई. आमच्याच एका खोडकर विद्यार्थ्याने हाताने पत्र लिहून सर्व्हरला पाठवले आणि तिसरी वेळ पटकावली. सर्व्हरने मुकाट्याने दिली. उंबरठ्याच्या आत जे येईल ते तपासून घ्यायचे, ही गोष्ट हेलसिंकीचा अभ्यासक्रम योग्य वेळी हाताने करून घेतो. तक्रार एवढीच की हा नियम का, याच्यावर तो पुरेसा थांबत नाही. स्वाध्याय पुरा होतो, हिरवी खूण मिळते आणि विद्यार्थी पुढच्या साधनाकडे वळतो.

याच मालेतला दुसरा स्वाध्याय आहे आवडीचा आकडा वाढवण्याचा. इथे मात्र आम्ही अडखळलो. बटण दाबले की ब्राउझरने आपल्याकडच्या आकड्यात एक मिळवायचा आणि दुव्याची संपूर्ण नवी नोंद सर्व्हरला पाठवायची. सर्व्हर जुनी नोंद काढून नवी बसवणार. शून्य असेल तर एक पाठवा, असे उदाहरणही दिले आहे.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक फलक आहे, त्यावर वर्गणीदारांचा आकडा ४० लिहिला आहे, असे समजा. दोन शिक्षक दारातून आकडा पाहून आपापल्या वर्गात जातात. दोघांनाही एकेक नवा वर्गणीदार मिळतो. दोघेही परत येऊन ४० पुसतात, की ४१ पुसतात, न पाहता ‘४१’ लिहितात. वर्गणीदार ४२, फलकावर ४१. कोणीही खोटे बोललेले नाही, कोणाचेही गणित चुकलेले नाही. आमच्या विद्यार्थ्याची चूक याच जातीची होती. पाहिले एका क्षणी, लिहिले दुसऱ्या क्षणी, आणि मधल्या काळात जग बदलले नाही असे गृहीत धरले. शिवाय ब्राउझर जो आकडा पाठवेल तोच खरा मानायचा, तर एकाऐवजी एक हजार पाठवणाऱ्याला कोण अडवणार? पुसण्याच्या बाबतीत इतकी दक्षता घेणारा अभ्यासक्रम मिळवण्याच्या बाबतीत बेसावध राहिला आहे.

त्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पत्राचा जो प्रकार तिथे वापरला आहे, पुट नावाचा, त्याचा एचटीटीपीतील अर्थच ‘ही नोंद अशी असो’ असा आहे. तेच पत्र दोनदा पोचले तरी बिघडत नाही, आणि विद्यार्थ्याला तो प्रकार शिकवायचा होता. दुसरे असे की वापरकर्त्याचे नाव दोघांना एकच मिळू नये यासाठी याच अभ्यासक्रमात खुद्द डेटाबेसलाच ‘हे नाव एकदाच’ असे बजावून ठेवलेले आहे. आमच्या यंत्राच्या वेळांना नेमका हाच उपाय हवा होता. पण तिथे भर आहे तो नोंदीच्या शुद्धतेवर. दोन माणसे एकाच क्षणी दारात उभी राहिली तर काय, या प्रश्नाचे ते उत्तर आहे, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येण्याची शक्यता कमी. आमच्या विद्यार्थ्याच्या आले नव्हते. नाव एकमेव ठेवण्याची ती ओळ त्याने स्वतः लिहिली होती; वेळेला तीच ओळ लागू पडेल हे त्याला सुचले नाही.

एमआयटीचे पुस्तक हातात घेतले की वातावरणच बदलते. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग फॉर इंटरनेट अप्लिकेशन्स’ हे त्याचे नाव. लेखक ईव्ह अँडरसन, फिलिप ग्रीनस्पन आणि अँड्र्यू ग्रुमेट. सुरुवातीलाच ब्राउझर बाजूला ठेवून टेलनेट या साध्या साधनाने सर्व्हरशी हाताने संवाद करून दाखवला आहे. (आज बहुतेक स्थळे संवाद कूटबद्ध करतात, त्यामुळे टेलनेटने हे जमणार नाही, पण कर्ल हे साधन तेच काम करते.) सर्व्हर विसराळू आहे, गिऱ्हाईक अनोळखी आहे, आणि अनेक जण एकाच वेळी लिहिणार आहेत. या अडचणी सुरुवातीच्या प्रकरणांतच समोर ठेवून मग संबंधाधारित डेटाबेस त्यांच्यावरचा उपाय म्हणून आणला आहे. म्हणजे साधन येण्याआधी विद्यार्थ्याला गरज कळते. आवडीचा आकडा या मंडळींनी डेटाबेसला ‘जो आकडा असेल त्यात एक मिळव’ अशी एकच आज्ञा देऊन वाढवला असता. पाहणे आणि लिहिणे एकाच क्रियेत, एकच पेन्सिल. विद्यार्थ्याने खऱ्या गिऱ्हाइकासाठी काम करायचे, त्याच्या गरजा समजून घ्यायच्या, चर्चेचे व्यासपीठ बांधून माणसांना वापरायला द्यायचे आणि ती कुठे अडखळतात याचे निरीक्षण करायचे, हेही यातच आले.

मग हाच अभ्यासक्रम आपल्याकडे लावावा का? आमचे मत, जसाच्या तसा नाही. मोबाइलवरचे प्रकरण आता उघडून पाहिले तर हसू येते. त्या काळच्या छोट्या पडद्यांसाठी आणलेली वॅप ही पद्धत त्यात शिकवली आहे. ती कधीच मागे पडली. टेलिफोनवरून बोलून चालणाऱ्या अप्लिकेशनवर एक अख्खे प्रकरण आहे, तेही त्याच वाटेने गेले. आणि ब्राउझरच्या आत चालणाऱ्या आज्ञावल्यांचे आजचे विशाल जग या पुस्तकाला ठाऊक नाही. रिअ‍ॅक्ट खुले झाले ते २०१३ साली. शिवाय हे पुस्तक एकट्याने करण्याजोगे नाही. गिऱ्हाईक हवे, चमू हवा, चुका दाखवणारे अनुभवी लोक हवेत. केंब्रिजमध्ये बसून ते सहज मिळतात. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने रात्री एकट्याने बसून करायचा अभ्यासक्रम हेलसिंकीचाच. त्याचे हे श्रेय कोणी काढून घेऊ नये. साधने बदलली की त्यांचे शिक्षक लगोलग पाठ बदलतात. हेरोकू कंपनीने २०२२ साली आपली फुकट सेवा बंद केली तेव्हा अप्लिकेशन कुठे ठेवायचे याचे दुसरे पर्याय पाठात आले. अशी राखण फार थोड्या पाठ्यपुस्तकांच्या नशिबी असते.

आम्ही बाहेरचे परीक्षक म्हणून अधूनमधून पदवीचे प्रकल्प पाहायला जातो. ग्रंथालयाचे अप्लिकेशन, वसतिगृहाचे अप्लिकेशन, दवाखान्याचे अप्लिकेशन. पडदे झकास असतात. ‘शेवटचे एकच पुस्तक शिल्लक आहे आणि दोघांनी एकदम मागितले तर?’ असे विचारले की मुले एकमेकांकडे पाहतात. मग एखादा धीटपणे म्हणतो, ‘सर, असे होणार नाही.’ त्याला दोष कसा द्यायचा? त्याने ते एकट्याने, एका खिडकीत, स्वतःच वापरून पाहिलेले असते. गुणपत्रिकेत पडद्यांना गुण असतात, या प्रश्नाला रकाना नसतो. पण याच मुलांतली काही उद्या शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, वेतनाचे अप्लिकेशन लिहिणार. तिथे एका मुलाच्या दोन नोंदी झाल्या की अर्ज अडकतो आणि पालक शाळेच्या कार्यालयात हेलपाटे घालत राहतात. चूक कोठे झाली हे त्या पालकांना, कारकुनाला आणि बहुधा ती आज्ञावली लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

हेलसिंकीच्या अभ्यासक्रमात फार मोठा बदल हवा असे आम्हाला वाटत नाही. आवडीच्या आकड्याच्या त्या स्वाध्यायाखाली आणखी एक स्वाध्याय घातला तरी पुष्कळ झाले. तो शिक्षकांनी आपल्यापुरता आजच घालावा. ज्या विद्यार्थ्यांनी ही यादी बनवली आहे त्यांनी ती दोन खिडक्यांत शेजारी शेजारी उघडावी. दोन्हींत आकडा ५ दिसत असेल. पहिल्या खिडकीत आवडीचे बटण दाबावे. दुसरी खिडकी ताजी न करता तिच्यातही दाबावे. बटण दाबण्यापूर्वी, आकडा किती होईल असे वाटते ते वहीत लिहावे. मग दोन्ही खिडक्या ताज्या करून प्रत्यक्षात किती झाला ते त्याच्याशेजारी लिहावे. आणि तपासणीची खिडकी उघडून, दुसऱ्या पत्रातून सर्व्हरला नेमके काय पाठवले गेले ते पाहावे.

आमच्या यंत्राच्या अप्लिकेशनमध्ये त्या विद्यार्थ्याने नंतर एकच ओळ घातली. एका यंत्राला एका वेळी एकच नोंद, अशी ती डेटाबेसला दिलेली ताकीद आहे. शुक्रवारी दहाच्या ठोक्याला आता दुसऱ्या माणसाला ‘ही वेळ आत्ताच दुसऱ्याने घेतली’ असा निरोप येतो. तक्रारी अजूनही होतात, पण त्या यंत्र एकच असल्याबद्दलच्या.